रोटरी इंजिनाची तहान

कुठलंही इंजिन खोलून परत जोडलं की एक-दोन बोल्ट उरतातच. ते कुठले, हे कुणाला सांगता येत नाही आणि फेकून द्यायचा धीरही होत नाही. मग ते बिस्किटांच्या जुन्या डब्यात जाऊन पडतात. किश्शांचंही तसंच. लग्न होऊन अजून वर्ष झालेलं नाही आणि माझा डबा काठोकाठ भरलाय! मी कमी बोलते. त्यामुळे मला कमी कळतं असा लोकांचा समज होतो आणि ते माझ्यासमोर बिनधास्त काहीही बोलतात. डबा भरायला आणखी काय लागतं?

* * *

पहिला बोल्ट थेट बघण्याच्या कार्यक्रमातला. नारायण पेठेतलं निनादचं घर. कांदेपोहे झाले, चहा झाला आणि त्याच्या आई म्हणाल्या, "तुम्ही दोघं जरा गॅलरीत बोलून घ्या."

गॅलरीत निनादनं मला माझे छंद विचारले नाहीत, स्वयंपाक येतो का विचारलं नाही. त्यानं सांगितलं गाडीबद्दल. कॉलेजपासून जीव टाकून मिळवलेली, दोन दारांची जुनी जपानी गाडी. रोटरी इंजिन, वर टर्बो. रोटरीत पिस्टन नसतो. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल खोलीत एक फुगीर त्रिकोण गरागरा फिरत असतो. त्याच्या तिन्ही टोकांना एकेक पातळ पट्टी, तिला म्हणतात एपेक्स सील. टर्बोनं हवा कोंबली की आत भयंकर तापतं आणि पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपणहून भडकतं. तसं झालं की पट्टीचा तुकडा पडतो आणि इंजिन दाराला टेकू लावण्याच्या लायकीचं उरतं. निनादचं एक इंजिन असंच टेकू झालं होतं. आता जे होतं, ते शेवटचं. ते गेलं तर दुसरं कुठून आणणार, हे त्यालाही माहीत नव्हतं.

"आतली हवा थंड कशानं ठेवता?" मी विचारलं.

"इंटरकूलर आहे ना."

"तो पुरणार नाही. पाण्याचा फवारा मारा. पाणी आणि मिथेनॉल, निम्मं निम्मं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी इंजिनांच्या टेस्ट लॅबमध्ये काम करते, हे माझ्या बायोडेटात होतं. पण मुलीच्या बायोडेटात लोक उंची वाचतात!

"आपलं जमलं," तो म्हणाला, "तर ह्या गाडीचं ट्यूनिंग तुम्हीच करायचं. शब्द देतो."

मी त्या शब्दावर होकार दिला. घरी जाताना आईनं रिक्षात विचारलं, "एवढा वेळ काय बोलत होतात गं?"

"पाण्याबद्दल."

आईचा चेहरा पडला. "अगं बाई! त्यांच्याकडे पाणी कमी येतं का?"

* * *

विश्रांतवाडीला दिघेकाकांचं गॅरेज आहे. काका साठी उलटलेले, आवाज नेहमी खालच्या पट्टीत. निनादची गाडी त्यांच्याच शेडमध्ये असते आणि गाडीभोवती असतो पिंट्या, निनादचा जिवलग मित्र. पिंट्या विम्याच्या ऑफिसात आहे. इंजिनांबद्दलचं सगळं ज्ञान त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघून मिळवलंय, तेही दीडपट वेगानं.

लग्नानंतर पहिल्यांदा गेले, तर पिंट्यानं खुर्ची पुसून पुढे केली. "वहिनी, तुम्ही बसा. तुम्हाला बोअर होईल, पण थोडाच वेळ. चहात साखर किती?"

मग तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि मला टर्बो म्हणजे काय ते समजावू लागला. "म्हणजे समजा वहिनी, कुकर. कुकरमध्ये कशी वाफ कोंडते? तसंच. टर्बो म्हणजे इंजिनचा कुकर!"

टर्बो म्हणजे कुकर नव्हे. टर्बोच्या आसपासही कुकर येत नाही! माझी नोकरीची सगळी वर्षं टर्बोच्या आवाजात गेली आहेत. मी निनादकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटाची लेस फार बारकाईनं तपासत होता.

"हो का," मी म्हणाले.

घरी येताना बाइकवर मागून विचारलं, "मी काय काम करते, ते त्याला सांगितलं का नाहीस?"

"अगं, त्याला वाईट वाटलं असतं."

बघा! एपेक्स सील नाजूक म्हणतात. पिंट्याचं मन त्याहून नाजूक!

* * *

फवाऱ्याची यंत्रणा शेवटी मीच आखली. डिकीत टाकी, टाकीतून गाळणी, गाळणीतून पंप, पंपातून नळी थेट पुढे, आणि इंटरकूलरच्या पलीकडे केसाएवढ्या भोकाचा नॉझल. पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं. मिथेनॉलही घेतं, आणि वर स्वतः जळून ताकद देतं. एवढी साधी गोष्ट. फक्त पाणी डिस्टिल्डच हवं, हे मी बजावून सांगितलं होतं.

गुरुवार होता, नळाला पाणी नव्हतं. सासूबाई पिंप तळापासून खरवडत होत्या आणि नेमके तेव्हाच निनादनं डिस्टिल्ड पाण्याचे कॅन घरात आणले.

"वा!" सासूबाई म्हणाल्या. "माणसांना टँकरचं आणि गाडीला गाळीव! तिला गवती चहा घालून देऊ का?"

"आई, साध्या पाण्यात क्षार असतात," मी म्हणाले. "नॉझलचं भोक बुजतं."

"म्हणजे आपल्या गिझरच्या कॉइलवर थर बसतो, तसं?"

"अगदी तसंच."

"मग बरोबर आहे. ठेव तिकडे कोपऱ्यात."

एका वाक्यात कळलं त्यांना! पिंट्याला तेच मी तीनदा सांगितलं होतं. त्यानं काय करावं? गॅरेजच्या बोअरचं पाणी भरलं. "पाणी ते पाणी, वहिनी!" आठवड्याभरात नॉझल पांढराफटक होऊन बुजला. त्या दिवसांत गाडी जोरात काढलेली नव्हती, म्हणून इंजिन वाचलं. पिंट्यानं नॉझल उजेडात धरून निष्कर्ष काढला, "वहिनींच्या डिझाइनमध्ये भोकच लहान आहे."

* * *

ह्यावर मी गप्प राहिले. पण मिथेनॉलच्या बाबतीत नाही राहिले.

एका रविवारी गॅरेजमध्ये पोचले, तर माठाशेजारी पाण्याची बाटली. निळं बूच, थंड, स्वच्छ. उन्हातून आले होते, हात पुढे गेलाच. बूच उघडलं आणि वास वेगळा आला. मिथेनॉल! मोठा कॅन जड जातो म्हणून पिंट्यानं "जरा हाताशी" म्हणून पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलं होतं. माठाशेजारी!

मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण शेजारच्या पंक्चरवाल्यानं हवा भरायची थांबवली.

"वहिनी, एवढं काय त्यात?" पिंट्या म्हणाला. "पिणार कोण होतं?"

माझ्या हातात उघडी बाटली होती. तरी हा प्रश्न!

काकांनी ती बाटली सरळ निकालात काढली, लाल कॅन आणला, त्याला कुलूप लावलं आणि वर पाटी रंगवली. "हे पाणी नाही. प्यायल्यास आधी दृष्टी जाईल, मग आपण. शंका असल्यास पिण्याआधी विचाराव्यात."

खाली बारीक अक्षरांत होतं, "चौकशी : वहिनी."

त्या गॅरेजमधलं माझं हे पहिलं अधिकृत पद!

* * *

आता एका सेन्सरची गोष्ट. फवारा चालू आहे ह्या भरवशावर आपण टर्बोचा दाब वाढवतो. पण ऐन वेगात फवाराच बंद पडला तर? टाकी संपली, पंप थकला, नळी निसटली, तर? डोळ्याचं पातं लवायच्या आत सील तुटणार. म्हणून मी नळीवर एक सेन्सर बसवला. पुरेसं पाणी पुढे जात नसेल, तर टर्बोचा दाब आपोआप खाली. गाडी हळू होईल, पण जिवंत राहील.

पिंट्यानं त्याचं बारसं केलं. म्हणाला, "सासू! जरा जोरात गेलं की टोकणार!" आणि सगळे हसले. निनादसुद्धा हसला. घरी माझी सासू मला कधी टोकत नाही. टोकणारे सगळे विश्रांतवाडीत!

मे महिन्यात शहराबाहेरच्या एका बंद धावपट्टीवर स्पर्धा होती. पिंट्याचा हट्ट, की त्या दिवशी सासू काढून ठेवायची. "उगाच मध्येच चिमटा काढायची, वहिनी. जिंकायचं असेल तर रिस्क हवी."

"इंजिन एकच आहे," मी म्हणाले.

"बघू," निनाद म्हणाला.

लग्नानंतर मी सर्वांत जास्त ऐकलेला शब्द कुठला, तर हा. पडदे कुठले घ्यायचे, बघू. तुझ्या ट्यूनिंगचं काय, बघू. तोवर लॅपटॉप माझा, आकडे माझे, प्रत्येक दाबाला किती फवारा ह्याचं गणित माझं, आणि गाडीच्या मागच्या काचेवर चकचकीत स्टिकर लागला होता, "ट्यूनिंग : पिंट्या"!

मी निनादला एवढंच विचारलं, "गॅलरीत शब्द दिला होतास, तो कुणाला दिला होतास?"

तो "बघू" म्हणणार होता. तोंड उघडलं आणि मिटलं.

* * *

स्पर्धा पुढे ढकलली गेली, मग आणखी पुढे. होता होता खंडेनवमीनंतरच्या रविवारवर येऊन ठेपली.

खंडेनवमीला काका पान्यापासून जॅकपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावतात. टूलबॉक्सवर झेंडू, कॉम्प्रेसरला हार. त्यांची स्वतःची एक प्रथा आहे, ती दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. पहाटे घरच्या देवांची पूजा करून ते तीर्थाचा तांब्या गॅरेजमध्ये आणतात, आणि गाडीत जिथं जिथं पाणी भरतात, तिथं तिथं पळीभर तीर्थ घालतात. रेडिएटरला पळीभर, वायपरच्या बाटलीला पळीभर. "जिथं पाणी, तिथं तीर्थ," म्हणतात.

मला ओवाळायला सांगितलं. गाडीचं एखादं काम पिंट्यानं आपणहून माझ्याकडे सोपवलं, असं हे पहिलंच. "वहिनींचा हात शुभ!" म्हणाला. ज्या हातानं नॉझलचं माप काढलं, तोच हात बरं का! पण तेव्हा तो शुभ नव्हता.

ओवाळून झाल्यावर मला पेढे आणायला आत पाठवलं. बाहेर आले तेव्हा काका तांब्या पालथा करून ठेवत होते आणि पिंट्या डिकी लावत होता.

* * *

रविवारी धावपट्टीवर निनाद सुटला, तेव्हा त्या त्रिकोणी इंजिनाचा आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज माझा होता, कुणी काही म्हणो. गाडी निम्म्यापर्यंत अशी गेली, की शेजारून सुटलेला गाडीवाला मागेच पडला.

आणि मग आवाज बसला. टर्बोची शीळ थांबली. शेजारचा आला, पुढे गेला, निघूनही गेला. आमची गाडी लग्नाच्या वरातीसारखी शेवटच्या रेघेवर पोचली.

"सासू!" पिंट्या किंचाळला. "वहिनींच्या सासूनं घात केला! सांगत होतो, काढा म्हणून!"

निनाद गाडी परत घेऊन येईपर्यंत पिंट्या हातात कटर घेऊन तयार. "दुसरी फेरी आहे अजून. ही वायर कापतो, डायरेक्ट करतो. पूर्ण दाब! बस तू आत."

निनादनं हेल्मेट काढलं. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता येतो तो शब्द. मी मनातल्या मनात म्हणूनही टाकला.

त्यानं पिंट्याच्या हातातलं कटर घेतलं आणि स्वतःच्या खिशात घातलं. "मानसी," तो म्हणाला, "आधी काय खोलू?"

"डिकी," मी म्हणाले. "आणि मला दहाचा पाना दे."

टाकीतून निघणारी नळी सोडवली, गाळणी बाहेर काढली. पिंट्या खांद्यावरून वाकून बघत होता. "लहान भोक," तो पुटपुटला, "मी पहिल्यापासून..."

मी गाळणी तळहातावर उलटी केली.

आधी लालसर, पिवळट गाळ पडला. मग त्यात गुंडाळलेली, मिथेनॉलमध्ये मऊ पडलेली तुळशीची पानं. एक, आणि त्याला चिकटलेलं दुसरं.

पिंट्यानं काकांकडे पाहिलं. काका पुढे आले, चष्मा वर केला. माझ्या तळहातावरचं एक पान त्यांनी दोन बोटांनी उचललं, सवयीनं कपाळाला लावलं आणि सवयीनंच तोंडाकडे नेलं.

"काका!!" मी आयुष्यात दुसऱ्यांदा ओरडले.

काकांचा हात हवेतच थांबला. पानाकडे बघत ते शांतपणे म्हणाले, "दृष्टी जाईल. माहीत आहे. पाटी मीच लिहिलीय." त्यांनी ते पान एका कागदात ठेवलं, हात खसखसून धुतले आणि पिंट्याला हाक मारली.

"पिंट्या, खुर्ची आण."

"वहिनींना बसायला?"

"लॅपटॉपला," काका म्हणाले. "वहिनींना काम आहे."