वाड्याचं मागचं दार

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं: काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेलीही फार दिवस टिकणार नाही. बाबांना तेव्हा फक्त भर उजेडात थोडं दिसायचं. दवाखान्याच्या पायरीवर ते म्हणाले, "राजाचा वाडा आतून पाह्यचा राह्यला बे. डोये हायेत तवर दाखव."

आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला. इतिहास घेऊन एम. ए. झालो, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. त्या वाड्याचे सागवानी खांब, कोरीव तुळया मी परीक्षेत लिहिल्या होत्या. बाबा लहानपणी आजोबांबरोबर तिथं जळतण पोचवायचे. आम्हा लोकांना मागच्या दारापर्यंतच मुभा होती. आता तिथं संग्रहालय झालंय. "समोरच्या दारानं नेतो," मी म्हणालो.

एसटी उशिरा पोचली. उन्हं कलली होती. बाबांना फाटकाशी उभं करून तिकिटं काढली, वळलो, तर बाबा नाहीत. रस्त्यावर पळालो, पानटपरीवर विचारलं, जवळच्या विहिरीत वाकून पाहिलं. विहिरीला कठडा नव्हता.

सापडले ते वाड्याच्या मागे. भिंत चाचपत तिथवर गेले होते आणि बंद दारासमोर चपला हातात धरून उभे होते.

"बाबा, इकडं काऊन आले?"

"दार इकडंच हाय नं. कवाचा उभा हाय, कोनी उघडूनच नाई राह्यलं."

त्यांना जवळजवळ ओढतच पुढं आणलं. चौकीदार खिडक्या लावत होता. "टाइम झाला साहेब. उद्या या."

"दोन मिनिटं जाऊ द्या भाऊ. याइले उद्या दिसन का नाई, मले माहीत नाई."

"समदे असंच काईबाई सांगतात," तो म्हणाला, पण बाजूला सरकला. दिव्यांचं बटण संग्रहालयाच्या साहेबांच्या खोलीत होतं, आणि खोलीला कुलूप.

समोरचं दार ओलांडलं. आत अंधार. मलाच खांब नीट दिसेना. बाबांचा हात मी एका खांबावर टेकवला आणि परीक्षेत लिहिलेलं सगळं घडाघडा बोलू लागलो. तुळया, कोरलेले मोर, राजाची बैठक. थांबायची भीती वाटत होती.

"दिसते नं बाबा?"

"हाव," ते म्हणाले. चपला अजून हातातच होत्या. तोंड भिंतीकडं होतं. "तू बोल."