बुडाला भोक नसलेल्या कुंड्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय – झाडं कुजली, एवढंच. असं मी स्वतःला किती वर्षं समजावत आले.

डहाणूत माझ्या गच्चीवर सक्युलंट आहेत – जाड, मांसल पानांत पाणी साठवणारी झाडं. लोक बघायला येतात. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, समजावून सांगायची हौस दांडगी. निम्मी जाड रेती, विटांचा चुरा, शेणखत मूठभरच. कुंडी साधी मातीची, आणि बुडाला भोक हवंच. लोक लिहून घेतात. पण यातलं माझं काय? सगळं जानकीचं.

जानकी तलासरीकडच्या पाड्यावरून माझ्याकडे कामाला यायची. केर, धुणं, आणि मग गच्ची. ओली माती मुठीत दाबून बघायची. गोळा झाला की म्हणायची, ही नको.

नरपडला माझ्या मैत्रिणीनं, मेघानं, चिकूच्या वाडीत नर्सरी काढायची ठरवली. तिला जानकी हवी होती – कायमची, राहायला खोली देऊन. उद्घाटनासाठी वीस कुंड्या तिनं आमच्याकडून भरून मागितल्या. मी हौसेनं चिनी मातीच्या आणल्या. निळ्या, चकचकीत.

जानकीनं एक उलटी करून पाहिली. "बाई, हिला भोक नाय. पाणी जाईल कुठं?"

"तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हणाले. रेतीही नको म्हटलं – भुरकट दिसते. वाडीतली काळी माती मी माझ्या हातांनी भरली. ती बाजूला उभी राहून बघत होती.

तीन आठवड्यांत पानं पिवळी, पाणचट झाली. हात लावला की झाड मुळापासून सुटून येई, आणि तो वास.

"कुणी भरल्या गं या?" मेघानं विचारलं.

जानकी तिथंच होती. चार पावलांवर.

"जानकीनं," मी म्हणाले. "रेती घाल म्हणून सांगितलं होतं मी. ऐकेल तर ना!"

लाज वाटली म्हणून खोटं बोलले? तेवढंच असतं तर – नाही, तेवढंच नव्हतं. ते शब्द तोंडातून निघत असताना डोक्यात हेही होतं, की आता मेघा हिला नेणार नाही. माझ्या घरचा केर अडणार नाही.

जानकीनं माझ्याकडे पाहिलं. बोलली असती तर कुणी ऐकलं असतं? नसतं. हे मला तेव्हाच ठाऊक होतं, त्याच्याच जोरावर तर बोलले मी. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली, केर काढला. माझ्या हातचा चहा मात्र पुन्हा कधी घेतला नाही.

वर्षभरानं गेली. आता पाड्यावरच्या बायकांबरोबर टेम्पोत बसून गुजरातेत कंपनीत जाते. आणि मेघाच्या नर्सरीत दर महिन्याला मी लोकांना माती निवडायला शिकवते.

मागच्या महिन्यात तलासरीच्या नाक्यावर भेटली. पार वाळलेली.

"बाई, झाडं बरी हायेत ना?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी "हो" म्हणाले. तेवढंच. बस आली, मी चढले. खिडकीची जागा मिळाली.