रविवारचा उपास

माझ्या आजाराला आजार म्हणायला आमच्या घरी कुणी तयारच नव्हतं. उपास म्हणायचे. आणि उपास करणाऱ्या मुलीला कोण कशाला नावं ठेवील?

सुरुवात सोमवारनं झाली. अंबरनाथला राहायचं आणि सोमवार करायचा नाही, असं चालतं होय? शंकराचं देऊळ हाकेच्या अंतरावर. आम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. वडील कारखान्याच्या ऑफिसात होते, मी एकुलती एक, सोळावं लागलेलं. सोमवारच्या मागून गुरुवार आला, मग शनिवार, मग संकष्टी, दोन्ही एकादश्या, प्रदोष. जेवायचा दिवस आठवड्यात शोधायला लागायचा. बरं, लोक म्हणतात ना, एकादशी आणि दुप्पट खाशी, तसंही नव्हतं. साबुदाण्याला मी हात लावायची नाही. आधी एक केळं, मग नुसतं दूध, मग दुधाचंही पाणी झालं.

देवासाठी करत होते का? छे हो! देवाला मी नुसता पुढे केला होता. पोट रिकामं असलं की मला बरं वाटायचं. घरात माझ्या मनासारखं दुसरं काही होत नव्हतं, ही एक गोष्ट मात्र माझ्या हातात होती. आणि खोटं कशाला बोलू, कौतुकही आवडायचं. हळदीकुंकवाला बायका आईला म्हणायच्या, "तुमची मुलगी म्हणजे साक्षात तपस्विनी हो! आमच्या कारट्यांना सांगा काहीतरी." आई वरवर नको नको म्हणायची, पण तिचा चेहरा खुलायचा. नवरात्रात शेजारच्या वहिनींनी कुमारिका म्हणून माझे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळीचं पान मांडलं आणि मी म्हणाले, "वहिनी, माझा उपास आहे." त्यांनी परत एकदा माझ्या पायावर डोकं ठेवलं. हातातल्या बांगड्या कोपरावरून दंडापर्यंत चढत होत्या, गालांची हाडं वर आली होती आणि त्या म्हणतात, "काय तेज चढलंय तोंडावर!" डोंबलाचं तेज.

आईचे डोळे उघडले ते वेगळ्याच कारणानं. तेव्हा आमच्याकडे महिन्याचे चार दिवस बाजूला बसायची पद्धत. माझं बसणंच बंद झालं. भिंतीला भिंत लागून घरं, असली गोष्ट लपते थोडीच! आईच्या तोंडचं पाणी पळालं. काढे झाले, दृष्ट काढून झाली, अंगारे झाले. मग एका सोमवारी मी देवळाच्या पायऱ्यांवर कोसळले आणि मला उचलून आणताना वडिलांना कळलं, की मुलीचं वजन काही उरलेलंच नाही. कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, "हा उपास नाही. हिला कॅम्पात न्या."

कॅम्प म्हणजे उल्हासनगर. नाव नवीनच मिळालं होतं, पण कुणाच्या तोंडी बसलेलं नव्हतं. लढाईतल्या सोल्जरांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी आणि त्यांत फाळणीनंतर आलेले सिंधी लोक. त्यातल्या एका बराकीत बाईमाणसांसाठी दवाखाना होता, मनाच्या आजारांचा. लोक सरळ वेड्यांची बराक म्हणायचे. वडिलांनी मला तिथे पोचवलं आणि घरी जाऊन आईला बजावलं, "कुणी विचारलं तर सांग, बदलापूरला मामाकडे गेलीय, हवापालटाला." बदलापूरचं पाणी प्यालं की भूक लागते हे सगळ्यांना ठाऊक, तेव्हा संशय यायचं कारण नव्हतं. लग्नाची मुलगी, वडील तरी दुसरं काय करणार? पण त्याचा अर्थ असा झाला, की मी जिथे होते तिथे मी नव्हतेच. मला भेटायला कुणी येणं शक्य नव्हतं.

बराकीत दोन्ही बाजूंना खाटा. एक नवी सून होती, लग्नापासून बोलायचीच बंद झालेली. एक बाई दिवसभर हात धूत असायची, तळव्यांची सालं निघेपर्यंत. मी सगळ्यांत लहान. सकाळी सिस्टर यायची, मापानं दूध द्यायची आणि पेला रिकामा होईस्तोवर समोरून हलायची नाही. दूध प्यालं की उठायचं नाही, मोरीकडे जायचं नाही, पडून राहायचं. भूक लागावी म्हणून एक सुई टोचायचे. तिनं घाम फुटायचा, हात थरथरायचे आणि भुकेची मला इतकी भीती वाटायची, की मी उशी तोंडात धरून रडायची. नाही प्यालं तर नाकातून नळी. एकदा घातली होती. त्याबद्दल मी कुणाशी बोललेली नाही, आताही बोलत नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक सिंधी मासी होती. तिचं घर, माणसं, सगळं तिकडे राहिलं होतं आणि ती अधूनमधून उठून स्टेशनवर जाऊन बसायची, म्हणून तिला इथे ठेवलेलं. एरवी मोठी फटकळ. मला "हड्डी" म्हणायची. "ए हड्डी, तेरी माँ कब आएगी?" रोज विचारायची. मी म्हणायची, रविवारी.

कारण रविवार हा त्या दवाखान्याचा खरा औषधाचा दिवस होता. डॉक्टरीणबाई सिंधीच होत्या, कडक, पांढरीशुभ्र साडी नेसायच्या. त्यांचा नियम असा, की रविवारी घरच्या माणसानं यायचं आणि पेशंटबरोबर बसून जेवायचं. नुसता डबा द्यायचा नाही, वाढून समोर बसायचं नाही, स्वतः जेवायचं. सिंधी घरं तर जत्रेला आल्यासारखी यायची. खाटेवर चादर पसरायची, कांदा घातलेल्या जाड रोट्या, म्हणजे त्यांची कोकी, वर पापड, आणि एकाच ताटात चार हात. ती न बोलणारी सूनसुद्धा नणंदेच्या हातचा घास घ्यायची. माझ्या खाटेवर कुणी नसायचं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि पापड मोडल्याचे आवाज ऐकायची. इतकं एकटं मला पुढे कधी वाटलं नाही, वैधव्यातसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, "तू घर में किसके साथ खाती है?" मी विचार करत राहिले. आधी वडील जेवायचे, मग मी, मग आई. ती स्वयंपाकघरात, चुलीकडे तोंड करून, उरलंसुरलं कालवून कधी खायची ते कळायचंच नाही. आईला जेवताना मी पाहिलेलंच नव्हतं. हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "तो फिर माँ को ही आना पड़ेगा." त्यांनी वडिलांना तसा निरोप धाडला. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. आईनं यावं आणि माझ्यासमोर बसून जेवावं. तिनं तेवढं केलं असतं तर मी काय वाटेल ते गिळायला तयार होते.

एक रविवार गेला, दुसरा गेला. पुढे मला कळलं, की आई निघाली होती. पण लोकांना सांगितलेलं बदलापूर. कॅम्पाकडे यायचं तर गाडी कल्याणच्या दिशेची, बदलापूरची अगदी उलट्या बाजूची. स्टेशनवर नेमक्या शेजारच्या वहिनी भेटल्या. "लेकीला भेटायला ना? चला, मीही बदलापूरलाच निघालेय!" झालं! आई मुकाट्यानं बदलापूरच्या गाडीत बसली. तिथे उतरून भावाच्या घरी गेली, शेजारच्या वहिनींनी वाकून बघू नये म्हणून तासभर बसली आणि माझ्यासाठी केलेला डबा भाच्यांना देऊन परत आली. इकडे मी दारावर डोळे लावून बसलेली. सिस्टरनं माझ्यापुढून भरलेलं ताट उचललं तेव्हा मासी तिला म्हणाली, "रहने दे, हड्डी आज मेहमान की राह देख रही है." मी तिच्यावर ओरडले.

मग आली एकदाची. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, कुणी ओळखीचं भेटेल म्हणून. मला बघून दारातच थांबली. मी तिला बघून घाबरले, कारण तीही वाळली होती. सिस्टरनं खाटेवर दोन ताटल्या मांडल्या. आईनं डबा उघडला. तांदळाच्या भाकऱ्या, मेथीची भाजी, लोणच्याची फोड. मासीनं तिच्या रिवाजाप्रमाणे आईपुढे पापड आणि पाणी धरलं. आईनं हात जोडले आणि माझ्याच ताटलीत वाढायला लागली.

"तुझी ताटली?" मी विचारलं.

"माझा आज उपास आहे गं."

माझं वाक्य! वर्षभर सगळ्या जगाच्या तोंडावर मी फेकत होते ते वाक्य, आणि आता ते आईच्या तोंडून. "आज कसला उपास?" तर म्हणाली, "सूर्यनारायणाला बोललेय. तू बरी होईस्तो रविवार निर्जळी करीन."

मला असा संताप आला म्हणता! येऊन येऊन आठवड्यातून हा एकच दिवस यायचा, आणि नेमका तोच तिनं देवाला देऊन टाकला होता. माझ्यासाठीच हो, कळत होतं मला. आमच्या घरात माया करायची म्हणजे पोट मारायचं, दुसरी रीत तिला तरी कुणी शिकवली होती? मी ताटली ढकलली. "मग माझापण उपास. आजपासून माझा रोज रविवार."

"अगं, असं नको बोलूस. देवाला शब्द दिलाय. शब्द फिरवला तर घरावर येतं."

शेजारून मासी कडाडली, "वाह! माँ भी भूखी, बेटी भी भूखी! तो भगवान अकेला बैठके खाए क्या?"

कुणी हसलं नाही. आई माझ्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं माझा दंड धरला आणि तिची बोटं सहज एकमेकांना लागली. तसाच धरून ती बराच वेळ बसली. बाकीच्या खाटांवरची माणसं जेवून हात धुवायलासुद्धा गेली. शेवटी ती उठली, खिडकीशी गेली, उन्हाकडे बघून हात जोडले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली. परत येऊन बसली ती सवयीनं माझ्याकडे पाठ करून. मी म्हणाले, "आई, इकडे तोंड कर." तिनं तोंड वळवलं, भाकरी मोडली, भाजी लावली आणि घास तोंडात घातला.

माझ्या आईला जेवताना मी पहिल्यांदा बघत होते. कुणीतरी आता हाक मारील अशी घाईघाईनं जेवत होती. एकाच बाजूनं चावत होती. तिची एक दाढ पडलीय हेही मला ठाऊक नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. आणि मी जेवले. घासागणिक भीती वाटत होती, पण ती जेवत होती तोवर मी जेवले.

त्यानंतर ती दर रविवारी आली. म्हणायची, "आता मोडलाच आहे." आम्ही एका ताटलीत जेवायला लागलो. मी सावरले, माझ्या अंगावर मांस आलं, बसणं सुरू झालं आणि मला घरी सोडलं. निघताना मासीनं माझा गालगुच्चा घेतला. तिला न्यायला कुणी आलं नव्हतं, येणारही नव्हतं. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "तुम्ही दोघं बसा, मी मागून बसते." मी वडिलांशेजारी जाऊन बसले. लोक म्हणाले, बदलापूरचं पाणी मानवलं हो.

वर्ष सरायच्या आत वडिलांना कावीळ झाली आणि ते गेले. आठ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. घरात चूल पेटवायची नव्हती, शेजारपाजारचे पिठलं-भात घेऊन आले, पानं मांडली. बायकांनी आईला धरून आणून माझ्या शेजारी बसवलं. कुंकू पुसलेलं तिचं कपाळ मला बघवत नव्हतं. माझ्याकडे न बघता, इतक्या हळू की दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही, ती म्हणाली, "मी रविवार मोडला ना."

राग नव्हता तिच्या आवाजात. मला दोष द्यायचा असता तर मोठ्यानं बोलली असती. तिला जे वाटलं ते तिनं सांगितलं, आणि मरेपर्यंत तिला तेच वाटत राहिलं. मी किती समजावलं पुढे, काविळीचा आणि उपासाचा काय संबंध गं! ती मान हलवायची आणि विषय बदलायची. तिच्या हिशेबानं मला वाचवायला तिनं काय दिलं होतं, ते मला त्या पानावर बसल्या बसल्या कळलं.

जुनी ओढ अंगात अशी उसळली होती, की पान ढकलावं आणि संपवून टाकावं सगळं. कुणी काही म्हटलं नसतं, बाप गेलेल्या मुलीला अन्न गोड लागेल कसं? पण मी जेवले. सगळं पान जेवले आणि वर भात मागून घेतला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ज्यांनी माझे पाय धुतले होते त्या वहिनीच म्हणाल्या, "बाई बाई, बाप गेलाय आणि पोरगी बघा कशी जेवतेय!" म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मी तेव्हा पान टाकलं असतं तर आईनं तो उपास मोडला तो कशासाठी?

आईच्या पानावरचा भात तसाच गार होत होता. तिला "आई, जेव" म्हणायला मला तोंडच राहिलं नव्हतं.