मोती पिकायची वाट

आमच्याकडे डोळ्यातला मोती पिकू देतात. बोंड फुटल्याशिवाय कापूस वेचत नाही, तसं मोतीबिंदूचंही, असंच मी लहानपणापासून ऐकत आले. म्हणून राळेगावच्या डोळ्यांच्या शिबिरातून बाहेर येऊन आमचे हे म्हणाले, "मोती हाये, पण कच्चा हाये. पिकू दे," तेव्हा मी पुढे काही विचारलंच नाही. आत डॉक्टर बोलले ते ह्यांच्याशीच. मी बाहेर बाकावर एका बाईला लोणच्याची कृती सांगत बसले होते. सवयच आहे माझी.

मग काय, वाट पाहत राहिले. समोरचं दिसायचं, पण बाजूचं हरवू लागलं. वेचणीत डाव्या अंगाची बोंडं पराटीवर तशीच राहायची. मागून बाया हसायच्या, "काकू, हा कापूस पाखरायले ठेवला काय वं?" मीही हसून म्हणायची, "मोती पिकून राह्यला माया, पिकू द्या."

पुढे यवतमाळला भावाकडे गेले, तेव्हा भावजयीने स्वतःबरोबर माझेही डोळे दाखवले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, मोती थोडासाच आहे, तो ऑपरेशनने निघेल. त्याच्या पिकायची वाट पाहायचीच नसते. पण तुम्हाला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढून मागची नस खराब होते. गेलेली नजर परत येत नाही. रोज थेंब घातले तर उरलेली टिकेल. आधी कुणी सांगितलं नाही?"

घरी येऊन ह्यांना विचारलं. हे चपलेकडे पाहत बोलले, "सांगतलं होतं त्या डॉक्टरनं. घराण्यात येते म्हणे हे. पोरीची सोयरीक जुळून राह्यली होती. तुले सांगतलं असतं तं सांजेपर्यंत गावभर झालं असतं. तुया पोटात काही राह्यते काय?"

लेकीला सासरी फोन लावला. ती म्हणाली, "आई, मले माहीत होतं. बाबानं शपथ घातलती."

मी दिवसभर बोलणारी बाई. अन् माझ्याच डोळ्यांबद्दल घरात मला सोडून सगळ्यांचं बोलून झालं होतं.

"तुये डोळे दाखवले काय?"

"नाही. सासरी काय सांगू?"

तिच्या सासूला मीच फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अवो विहीणबाई, एवढ्यासाठी सोयरीक मोडली असती काय आम्ही? पोरीले उद्याच घेऊन जातो." पोरीचे डोळे सध्या ठीक आहेत. दरवर्षी दाखवायचे आहेत.

म्हणजे कुणाला भिऊन माझी नजर घालवली, ते आता ह्यांनाही सांगता येत नाही.

माझा हात हलतो, म्हणून थेंब हेच घालतात. मी मान वर करते, पण डोळे मिटूनच ठेवते.

"काय झालं मले? नाव घ्या."

"काचबिंदू," हे पुटपुटतात.

"मोठ्यानं."

भिंतीपलीकडे शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात हे म्हणतात. तेव्हाच मी डोळे उघडते.