बर्फाचा डबा घेऊन धावणारी शेजारीण

नागपंचमीच्या सकाळी यवतमाळच्या दवाखान्यात, बाळंतिणीच्या खोलीबाहेर आम्ही तिघं होतो: मी, बायको आणि मांडीवर बर्फाचा डबा घेतलेली आमची शेजारीण. आत आमची लेक. सोनोग्राफीत बाळ फार लहान दिसलं होतं. अंदाज दोन किलोचा.

शेजारीण नवजातांच्या नाळेतल्या रक्तात वाढीचे हार्मोन मोजते. काही बाळं पोटात का वाढत नाहीत, हे तिला शोधायचंय. ती चालत नाही, धावते. आणि दर वाक्याआधी "पाहा नं" म्हणते.

"नाळ आम्ही अंगणात पुरतो. तिचं रक्त तुले कायले पाह्यजे वं?" बायको कडाडली.

"पाहा नं काकू, नाळ तुमचीच. वारेतलं रक्त फेकूनच देतात, तेवढंच मागतो."

बायको नाहीच म्हणाली. शेजारणीनं डबा बंद केला, पण ती गेली नाही.

तासाभरानं रडणं ऐकू आलं. शेजारीण आत धावली, तशीच बाहेर आली.

"पाहा नं काकू, दोन किलो चारशे! कसं जोरात रडून राह्यलं!" आणि ती चक्क नाचली.

बायकोनं डोळे पुसले, डबा उचलला आणि शेजारच्या बाकावर सुनेच्या बाळंतपणाची वाट पाहत बसलेल्या एका बाईंपुढे ठेवला. "आमच्या वारेतलं तं गेलं फेकून. नाळ आपलीच राह्यते, बाई. रक्त देऊन टाका."

दुपारी शेजारणीला नळीभर रक्त मिळालं. त्या बाईंच्या नातीचं.