गंगव्वाला फेफरं नव्हतं

हे माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापुढं नाही, देवापुढंही नाही. आज तुमच्यापुढं ठेवते. पण कुठून सुरुवात करू?

कामापासूनच करते. सोलापुरात बाळंतिणींपाशी, आजाऱ्यांपाशी घरोघर बसायला बायका लागतात; त्या मी पुरवते. बाई पाठवण्याआधी घर स्वतः पाहून येते. क्षयाचा खोकला आहे का, पुरुषमाणसं कशी आहेत, जिना किती उभा, कुत्रं बांधलेलं असतं का. जिवावरचं आधी, कटकटीचं मागाहून. लोक म्हणतात, बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही.

सुटत नाही, हे खरंच आहे. म्हणूनच तर —

नवी पेठेतल्या एका कापडवाल्यांकडे सून बाळंत झाली. थंडीचे दिवस. खोलीला एकच खिडकी, तिच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या, बाजेखाली कोळशाची शेगडी. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून सगळीकडे असंच करतात. तिथं मी गंगव्वाला बसवलं. अक्कलकोटकडची, विधवा, हाडानं मजबूत. पाठीमागं एकच मुलगी, अंबू. तिचं लग्न ठरलं होतं.

थोड्या दिवसांनी गंगव्वा माझ्या दारात आली. "बाई, तितं डोकं लई दुखतंय. पाय लटपटत्यात. मालकीणबाईला खिडकी उघडाया सांगा की."

"मिसरी कमी कर, थांबेल डोकं," मी म्हणाले.

"मिसरी काय आज लावतेय व्हय?" ती हसली आणि परत कामावर गेली.

मला ठाऊक नव्हतं का? होतं. भावजयीच्या बाळंतपणात अशाच कोंडलेल्या खोलीत, कोळशाच्या वाफेनं माझ्या पायांतलं बळ गेलं होतं. रांगत अंगणात आले म्हणून वाचले. तरी घरं पाहताना शेगडी मी कधी धोक्यांत मोजली नाही. खिडकी उघडा म्हटलं असतं, तर त्या घरच्या सासूबाईंनी दुसरी बाई पाहिली असती. आणि त्यांच्या शब्दावर पेठेतली निम्मी घरं माझ्याकडे येत होती. एवढंच. दुसरं कारण नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी बाळ-बाळंतिणीला न्हाणीत नेलं. गंगव्वा मागं राहिली — नवे कोळसे घालून, दार लावून, खोली ऊबदार ठेवायला. सगळी परतली तेव्हा ती शेगडीशेजारी पालथी पडली होती. जीव नव्हता.

मला बोलावणं आलं. सासूबाई पांढऱ्याफटक. "अहो, धडधाकट बाई तुमची, झालं तरी काय हिला?" सगळे माझ्याकडे पाहत होते. अंबू येऊन बसली होती, आईचं डोकं मांडीवर घेऊन. आणि मी म्हणाले, "तिला फेफरं यायचं."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. अंबूनं मात्र वर पाहिलं. "आय मला कदी बोलली न्हाय."

"लेकीला असलं कोण सांगतं?" मी म्हणाले.

पहिलं खोटं घाबरून बोलले, असं एखादा म्हणेल. हे दुसरं? ते तर मी शांतपणे, तिच्या डोळ्यांत बघत बोलले.

बातमी अंबूच्या होणाऱ्या सासरी पोचली. फेफऱ्याच्या घरची पोरगी नको, असा निरोप आला. एका शब्दानं मला ते थांबवता आलं असतं. नाही थांबवलं. पुढं मी प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडी ठेवायला लावू लागले. त्यावरून माझं कामाचं एकही घर तुटलं नाही. एकही नाही, कळलं?

अंबू आता माझ्याकडेच कामाला आहे. चुलीपाशी एकटी बसत नाही. पाणी शेंदायला सोबत मागते. आईचं आपल्यालाही कधीतरी येणार, म्हणून वाट पाहत असते. परवा तिला जरा घेरी आली — उपास होता, दुसरं काही नाही. माझा हात घट्ट धरून तिनं विचारलं, "आलं का, बाई?"

मी तिला पाणी दिलं. म्हटलं, बस जरा.