कोंडसरीचे अकरा रहिवासी

हे खरं तर मी कुणाला सांगायचं नव्हतं. "दुकानातलं दुकानात," असा बाबांचा नियम आहे. पण आमच्या दुकानातले किस्से कप्प्यातल्या जुन्या चार्जरसारखे झालेत. टाकवत नाहीत, आणि एक ओढला की चार बाहेर येतात. म्हणून नीट वहीत लिहून ठेवते. बोलायला सांगितलं तर मला जमणार नाही. शाळेत हजेरी देतानासुद्धा माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.

आमचं दुकान मस्कतच्या गाला भागात आहे. कॉम्प्युटर आणि मोबाइल दुरुस्तीचं. बाबा आणि इकबालचाचा दोघं मिळून चालवतात. बाबा गुहागर तालुक्यातले, चाचा दापोलीकडचे. शाळा सुटली की आईची ड्युटी संपेपर्यंत मी काउंटरच्या मागे बसून अभ्यास करते. तिथे बसलं की कुणाचं लक्ष जात नाही आणि सगळं ऐकू येतं.

बाजूच्या गाळ्यात अबू रीम सोफे शिवतात. अबू रीम म्हणजे रीमचे वडील. त्यांचं खरं नाव मला अजून माहीत नाही. ते सीरियातल्या हलबचे. नकाशात त्याला अलेप्पो म्हणतात. तिथे तीन वर्षं युद्ध चालू होतं, आणि रीम तिच्या आईबरोबर तिथेच अडकली होती. अबू रीम या गाला भागात राहून शिकलेलं हिंदी बोलतात. त्यात थोडं अरबी असतं आणि बरेचसे हातवारे.

ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी रीमने पाठवलेला एक फोटो दाखवला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकच ओळ होती. ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही.

"कौनसा सेवा?" चाचांनी विचारलं.

"सब," अबू रीम म्हणाले. "रीम रोज नया ढूँढता है. रोज यही मिलता है."

बाबांनी मला नंतर समजावलं. त्या देशाच्या सरकारवर बाहेरच्या देशांनी निर्बंध घातले होते, म्हणून परदेशी कंपन्यांनी तिथे बरंच काही बंद केलं होतं. अँटीव्हायरस, नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, ऑनलाइन कोर्स, सगळंच. मी विचारलं, "मग सरकारला त्रास झाला का?" बाबा स्क्रू शोधत होते. म्हणाले, "सरकारला घराचे नकाशे काढायला शिकायचं नव्हतं गं. ते रीमला शिकायचं होतं."

*

आधी अँटीव्हायरसची गोष्ट सांगते.

तिकडे इंटरनेट इतकं हळू की मोठी फाइल उतरायची नाही. वीज दोन तास. म्हणून चाचांनी सगळं एका पेन ड्राइव्हमध्ये भरलं. अबू रीमच्या ओळखीचे एक जण हलबला जाणार होते. पण पेन ड्राइव्ह खिशातून पडतो यावर अबू रीमचा ठाम विश्वास. लोकांच्या खिशातून काय काय पडतं हे सोफेवाल्याइतकं कुणालाच माहीत नसतं. म्हणून त्यांनी चार उशा शिवल्या आणि एकीच्या शिवणीत पेन ड्राइव्ह घातला.

शिवण इतकी सुंदर झाली की कुठल्या उशीत घातला ते त्यांनाच आठवेना.

तिकडे रीमच्या आईने तीन उशा उसवल्या. तिन्हीत कापूस. चौथी तोवर रीमच्या आत्याकडे गेली होती. आत्या म्हणाली, "भावाने पाठवलेली उशी आहे. मी उसवू देणार नाही." महिनाभर अख्ख्या गल्लीचे कॉम्प्युटर व्हायरसने आजारी, आणि अँटीव्हायरस आत्याच्या बुडाखाली.

शेवटी अबू रीमनी फोनवर आत्याला वचन दिलं की तिला नवा सोफा शिवून देईन. तो सोफा ती अजून मागते.

*

आता कोर्स. हा सगळ्यात महत्त्वाचा.

इथल्या एका कॉलेजने सांगितलं होतं की रीमने इमारतींच्या नकाशांचा वर्षाचा ऑनलाइन कोर्स केला आणि मूळ प्रमाणपत्र दाखवलं, तर प्रवेश देऊ. प्रवेश मिळाला की व्हिसा. व्हिसा मिळाला की रीम वडिलांकडे. तिची स्वतःची शाळा केव्हाच बंद पडली होती. म्हणजे सगळं त्या एका कागदावर अडलं होतं, आणि कोर्सच्या देशांच्या यादीत सीरिया नव्हता.

"मग ओमान लिहा," मी म्हणाले. म्हणजे मनात म्हणाले. चाचा तेच मोठ्याने म्हणाले.

ओमान लिहिलं. पण इथे घरी पोस्टमन येत नाही. सगळ्यांची पत्रं पोस्टाच्या पेटीत येतात. फॉर्मला पेटी नको होती. प्रमाणपत्र टपालाने येणार, म्हणून त्याला घर क्रमांक हवा होता, गाव हवं होतं. बाबांनी तीनदा पेटीचा नंबर टाकला, तीनदा लाल रेघ आली. मग त्यांनी देश बदलून भारत केला आणि पाठ असलेला एकमेव पूर्ण पत्ता टाकला, आमच्या गावच्या घराचा. घर क्रमांक ४२, मुक्काम पोस्ट कोंडसरी, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी.

हिरवी खूण आली.

"मुबारक हो," चाचा अबू रीमना म्हणाले. "तुमची मुलगी आता कोकणी झाली."

धडे आमच्या दुकानात उतरवायचे, बारीक तुकडे करून रीमला पाठवायचे, आणि तिने काढलेले नकाशे इथून चढवायचे, असं सुरू झालं. प्रत्येक परीक्षेआधी पत्ता पुन्हा टाइप करावा लागायचा. रीमने तो पाठ केला. ज्या पत्त्याची चार अक्षरंही तिला आधी उच्चारता येत नव्हती, तो.

*

मग हलबच्या त्या गल्लीत बातमी पसरली. रीमच्या मैत्रिणी आल्या, मग एक दाताचे डॉक्टर, मग एक आजोबा, ज्यांना फक्त बुद्धिबळ खेळायचं होतं. बाबा कुणाला नाही म्हणू शकत नाहीत. बघता बघता कोंडसरीच्या घरात अकरा जण राहायला लागले. त्या घरात खरे राहतात दोघंच, माझे काका आणि काकू.

एकदा काकांचा फोन आला. "अरे, पोस्टमन विचारतोय, भाडेकरू ठेवलेत का? डॉक्टर हसन म्हणून कुणाच्या नावाने कुठल्याशा कंपनीचं वाढदिवसाचं कार्ड आलंय."

"मग तू काय सांगितलंस?" बाबांनी घाबरत विचारलं.

"मी खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे. म्हटलं, सध्या बाहेरगावी आहेत."

मागून काकूचा आवाज आला. "भावोजी, आणखी असले तरी पाठवा. अकरा माणसं घरात, आणि एकाचीही चहाची भुणभुण नाही!"

*

शेवटची परीक्षा म्हणजे, तुम्ही राहता त्या घराचा नकाशा काढा.

रीमचं स्वतःचं घर तेव्हा उभं नव्हतं. ती आणि तिची आई आत्याकडे राहत होत्या. आणि कोर्सच्या हिशोबाने ती कोंडसरीत राहत होती. तिने दुकानाच्या नंबरवर इंग्रजीत लिहिलं, "प्लीज, माझं घर कसं आहे ते कुणी सांगेल का?"

चाचांनी फोन माझ्यापुढे ठेवला. "मुक्ता, तू लिही. तुला लिहिता येतं." मी तिच्याशी पहिल्यांदा बोलले ती अशी.

मी काकांना विचारलं. काकांनी नारळाच्या काथ्याने घर मोजलं, पडवी सहा हात, माजघर नऊ हात, आणि काथ्याला गाठी मारून त्या मला फोनवर मोजून दाखवल्या. मी हातांचे मीटर केले. चिऱ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, मागे विहीर, सगळं लिहिलं. विहिरीपासून स्वयंपाकघर किती पावलं, हेही तिने विचारलं. काकू चालून बघून आली. एकोणीस. भरलेली कळशी घेऊन बावीस.

रीमने नकाशा पाठवला. सगळं बरोबर होतं. फक्त माजघराच्या जागी तिने वरून उघडा चौक काढला होता, मधे छोटं कारंजं, आणि बाजूला संत्र्याचं झाड. त्यांच्या हलबच्या घरात होतं तसं.

तो मी काकांना पाठवला. काकांनी फोन उभा-आडवा करून पाहिला. "छान आहे," म्हणाले, "पण आपला पाऊस आत येईल."

"येऊ दे की," काकू म्हणाली. "संत्र्याला पाणी नको?"

रीम पास झाली.

*

आणि मग प्रमाणपत्र कोंडसरीला पोचलं. कॉलेजने मूळ कागद आणायला पंधरा दिवस दिले होते. अबू रीम रोज सकाळी येऊन विचारायचे, "आया?" नवव्या दिवशी बाबांनी काकांना झापायला फोन केला.

"कागद माझ्याकडे नाहीये," काका म्हणाले.

बाबा खुर्चीत बसले. "कुठे आहे?"

"गावच्या मंडळाकडे. अरे, पोस्टमनने गावभर सांगितलं की बेचाळीस नंबरात परदेशातलं सर्टिफिकेट आलंय. दर वर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार असतो की नाही? त्यांनी नाव यादीत घातलं. मी म्हटलं, मुलगी बाहेरगावी आहे. तर म्हणाले, तुम्ही घ्या. मी शाल आणि नारळ घेतला. टाळ्या चांगल्या पडल्या."

"तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? त्यांनी विचारलंच नाही. पत्ता आपलाच आहे."

बाराव्या दिवशी मुंबईहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर कागद आला. त्याच्याबरोबर एक लांब गुंडाळीही आली. उघडली, तर आठ फुटी फ्लेक्स. "कोंडसरी गावची सुकन्या कु. रीम हिचे हार्दिक अभिनंदन!" रीमचा फोटो कुणाकडे नव्हता, म्हणून मधे गुलाबाचं फूल, आणि दोन्ही बाजूंना मंडळाच्या नऊ कार्यकर्त्यांचे फोटो. दोघं गॉगल लावलेले, एक फोनवर बोलणारा, आणि कोपऱ्यात काका.

अबू रीमनी विचारलं, "क्या लिखा?" बाबांनी सांगितलं.

त्यांनी फ्लेक्सची कड दोन बोटांत धरून पाहिली. "कपडा बहुत खराब," म्हणाले. मग तो काखेत घेऊन आपल्या गाळ्यात गेले. संध्याकाळी परत आणला तेव्हा चारी बाजूंनी सोफ्याची लाल गोट शिवलेली होती.

*

शेवटचा किस्सा विमानतळावरचा.

रीम आणि तिची आई बैरुतवरून आल्या. बाहेर सगळे नावांच्या पाट्या धरून उभे असतात. छोट्या, पुठ्ठ्याच्या. अबू रीम आणि चाचा आठ फुटी फ्लेक्स धरून उभे होते. बाबा शेजारी, आणि मी शक्य तेवढी त्याच्या मागे उभी होते. त्याच वेळी मुंबईचं विमान उतरलं होतं. त्यातून बाहेर पडलेली पंधरा-वीस माणसं फ्लेक्स वाचत आमच्याभोवती थांबली. सगळी आपल्याकडचीच, सोहार नाहीतर दुक्मला कामावर निघालेली.

रीम बाहेर आली. निळा कोट, पाठीवर एक बॅग, हातात एक उशी. वडिलांना बिलगून ती किती वेळ उभी होती ते मी लिहिणार नाही. मग तिने फ्लेक्सवरचे नऊ चेहरे एकेक करून पाहिले.

चाचांना राहवलं नाही. डोळे पुसत, विमानतळावरच्या साहेबासारखा आवाज काढून त्यांनी अरबीत विचारलं, "कुठून आलीस?"

रीम ताठ उभी राहिली. "घर क्रमांक बेचाळीस, मुक्काम पोस्ट कोंडसरी, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी."

मग त्या माणसांतले एक काका ट्रॉली सोडून पुढे आले. "गुहागर? अगो, मी बाजूच्याच गावचा. कोंडसरीत कुठल्या वाडीची गं तू?"

वाडी पत्त्यात नव्हती. रीमने माझ्याकडे पाहिलं. अबू रीमनी, चाचांनी, बाबांनी, त्या सगळ्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मी फ्लेक्सच्या मागून बाहेर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात

"मुक्ता, वही मीट! रीम केव्हाची गाडीत बसलीय."

आले, बाबा, एवढं एकच वाक्य